सॉल्ट एकच, मग फरक कुठे पडतो?

मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं. मधुमेहावर आणि वजन उतरवायला दिलं जाणारं, आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचं हे इंजेक्शन तोवर नोवो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीच्या मुठीत होतं. आता भारतीय कंपन्यांना रान मोकळं झालं. बडोद्यात अशी बातमी पेपरात वाचून विसरली जात नाही, कारण इथे प्रत्येकाच्या ओळखीत कोणी ना कोणी फार्मात असतोच. लग्नाच्या पंगतीतसुद्धा विषय निघतो.

प्रश्न मात्र जुनाच आहे. रावपुऱ्यातल्या मेडिकलवर एखाद्या काकू बीपीच्या गोळीची रिकामी स्ट्रिप पुढे करतात, दुकानदार भलत्याच नावाची स्ट्रिप काढून देतो आणि म्हणतो, "काकी, सॉल्ट तो एक ज छे." काकू स्ट्रिप उलटसुलट करून बघतात. पटलेलं नसतं, पण मागे गर्दी असते.

दुकानदार भाई खोटं बोलत नाही. पण सॉल्ट एक असलं तरी त्याच्या आगेमागे काय काय असतं ते काउंटरवर सांगायला त्याला सवड नसते. माझी नोकरी गोळ्या तपासण्यात, क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत गेली. तिथून बघताना एक गोष्ट पक्की कळते: रोगावर चालणारा पदार्थ सापडणं हा औषधाचा लहानसा भाग आहे. तो शरीरात पोचवायचा कसा, तिथे किती वेळ टिकवायचा आणि त्यानं खरोखर फायदा होतो हे सिद्ध कसं करायचं, यातच वर्षं आणि पैसा जातो.

सॉल्ट म्हणजे नेमकं काय?

बीपीच्या अॅम्लोडिपिनची स्ट्रिप घ्या आणि मागचं बारीक छापलेलं वाचा. तिथे असतं: अॅम्लोडिपिन बेसायलेट, ५ मिलिग्रॅम अॅम्लोडिपिनइतकं. हे "इतकं" उगाच नाही. गोळीत बेसायलेट घातलेलं असतं साधारण ६.९ मिलिग्रॅम. त्यातलं अॅम्लोडिपिन ५, आणि उरलेलं वजन त्याला बांधलेल्या बेंझिन सल्फॉनिक आम्लाचं.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार बनतो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. सॉल्ट म्हणजे तोच क्षार. औषधाचं काम करणारा जो मूळ कण, त्याला रेणू म्हणू. पुष्कळ औषधांचे रेणू आम्लारी स्वभावाचे असतात. तसेच सुटे ठेवले तर कोणी पाण्यात विरघळत नाही, कोणी हवेतलं पाणी ओढून ओलसर होतो, कोणी कपाटात पडल्या पडल्या बिघडतो. एखाद्या योग्य आम्लाशी बांधलं की कोरडी, भरवशाची पावडर हाती येते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइडमधलं हायड्रोक्लोराइड याचसाठी. पोटात गेल्यावर दोघे सुटे होतात आणि पुढचं काम एकटा रेणू करतो.

मग अॅम्लोडिपिनला बेसायलेटच का? फायझर कंपनीनं आधी त्याचं मॅलिएट हे सॉल्ट बनवलं होतं. त्यात दोन भानगडी निघाल्या. एक तर ते टिकेना. दुसरं म्हणजे गोळी दाबणाऱ्या यंत्राच्या पंचला ते चिकटायला लागलं. पंचला पावडर चिकटली की गोळीच्या तोंडावर खड्डे पडतात, वजन हलतं आणि अख्खी बॅच अडकते. ज्यानं ते बघितलंय त्याला यातली तगमग कळेल. कंपनीनं मग दुसरी बरीच सॉल्ट बनवून पाहिली आणि बेसायलेटवर शिक्का मारला. पुढे २००७मध्ये अमेरिकी न्यायालयानं त्या सॉल्टचं पेटंट रद्द केलं. अशी सॉल्ट चाळून बघणं हे जाणकाराचं नेहमीचंच काम, त्यात शोध कसला, असा एकूण मुद्दा होता. जगभर कोट्यवधी लोक रोज घेतात त्या गोळीचं नाव यंत्राला काय चिकटत नाही यावरून ठरलं, ही मला तरी गमतीची गोष्ट वाटते.

इथेच आणखी एक गैरसमज निकालात काढू. मिलिग्रॅमवरून औषधाचा जोर मोजता येत नाही. अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम पुरतं, मेटफॉर्मिन ५०० लागतं, म्हणून मेटफॉर्मिन शंभर पट भारी ठरत नाही. प्रत्येक रेणूला आपलं काम करायला किती लागतं एवढंच तो आकडा सांगतो.

मग उरलेली गोळी कशाची?

अॅम्लोडिपिनच्या गोळीत औषध वजनानं पाच टक्क्यांच्या आतबाहेर असतं. बाकी सगळा भरणा: सेल्युलोजची पावडर, कॅल्शियमचा फॉस्फेट, पाणी लागताच फुगून गोळी फोडणारं स्टार्चसारखं द्रव्य आणि यंत्राला चिकटू नये म्हणून चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट. या सगळ्याला कारखान्यात एक्सिपियंट म्हणतात. स्वतः औषध नसलेला, पण औषध घडवणारा माल.

हे दुय्यम समजण्याची चूक महागात पडते. आमच्याकडे गोळी विरघळते कशी हे बघायचं यंत्र असतं. काचेची सहा भांडी ३७ अंशांच्या पाण्यात बसवलेली, प्रत्येकात पोटातल्यासारखं आम्लाचं पाणी आणि मध्ये सावकाश फिरणारं पातं. सहाही भांड्यांत एकेक गोळी सोडायची आणि ठरल्या मिनिटाला पिचकारीनं नमुना काढून किती औषध पाण्यात उतरलं ते मोजायचं. चांगली गोळी लगेच फुगते, कडा सुटतात आणि पात्याखाली पांढऱ्या भुकटीचा ढीग होतो. स्टिअरेट जरा जास्त पडलेलं असलं किंवा दाब जास्त लागलेला असला, तर हीच गोळी तळाशी जाऊन बसते ती बसते. आत औषध पूर्ण पाच मिलिग्रॅम आहे, पण रोग्याच्या पोटात ते बाहेर पडणार कधी?

आणि एक्सिपियंटमध्ये भेसळ झाली तर काय होतं हे ऑक्टोबर २०२५मध्ये देशानं पाहिलं. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याचं सिरप पिऊन लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं ४८.६ टक्के, चालतं ते फार तर ०.१ टक्का. सिरप पातळ आणि गोड ठेवायला प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. औषधी दर्जाचं महाग, कारखानी दर्जाचं स्वस्त पण त्यात हे विष मिसळलेलं असू शकतं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. हा प्रकार पहिल्यांदा झालेला नाही. १९३७मध्ये अमेरिकेत याच विषानं शंभराहून अधिक माणसं गेली आणि तिथला औषध कायदा बदलला. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ रुग्ण गेले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. ग्लिसरीनचा ड्रम आत घेताना ही एक तपासणी केली की विष पकडता येतं, आणि ती अवघड नाही. म्हणून अशा बातम्यांत "दुर्दैवी घटना" असं छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं.

तेच सॉल्ट, तोच कारखाना, तरी औषध चालेना

स्फटिकाची भानगड याहून विचित्र. एकच रेणू दोन-तीन तऱ्हांनी रचला जाऊन वेगवेगळे स्फटिक होऊ शकतात. रासायनिक चाचणीत सगळे सारखेच, पण एक झटकन विरघळतो, दुसरा विरघळायचं नावच घेत नाही. एड्सवरचं रिटोनाव्हिर १९९६मध्ये बाजारात आलं. दोन वर्षं सुरळीत गेली आणि १९९८मध्ये कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास व्हायला लागल्या. रिटोनाव्हिरचा कोणी न पाहिलेला, कमी विरघळणारा स्फटिक तयार झाला होता. तो एकदा तयार झाला की त्याचे कण पुढच्या बॅचलाही त्याच वळणावर नेतात. अॅबट कंपनीला त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या आणि औषध नव्या रूपात आणावं लागलं.

भारतात हा स्फटिक थेट सुप्रीम कोर्टात पोचला. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या मेसायलेट सॉल्टचा एक ठराविक स्फटिक नव्यानं पेटंट करावा, अशी नोव्हार्टिसची मागणी होती. १ एप्रिल २०१३ला कोर्टानं ती फेटाळली. जुन्याच औषधाचं नवं रूप आणलंत, तर त्यानं रोग बरा करायची ताकद वाढते हे दाखवा, असं आपल्या पेटंट कायद्याचं ३(डी) कलम सांगतं. मला तो निकाल योग्य वाटतो.

पोटाच्या आम्लाशी गाठ

डॉक्टर पँटोप्राझोल सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. बरेच जण ते नाश्त्याबरोबर गिळून मोकळे होतात आणि मग ऍसिडिटी गेली नाही म्हणून तक्रार करतात. हा रेणू आम्लात फुटतो. म्हणून गोळीला असं आवरण देतात की ती जठरातून तशीच पुढे सरकते आणि आतड्यात उघडते. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून फिरून जठराच्या भिंतीतल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपाशी येतं. तिथल्या कडक आम्लात ते पुन्हा बदलतं, आणि या खेपेला तो बदलच कामाचा असतो. बदललेलं रूप त्या पेशींतल्या आम्ल सोडणाऱ्या पंपाला कायमचं चिकटून तो बंद पाडतं. हे व्हायला पंप चालू असले पाहिजेत, आणि ते जेवणानं चालू होतात. जेवण येईपर्यंत औषध रक्तात पोचलेलं हवं, म्हणून तो अर्धा तास. आणि म्हणूनच ही गोळी चघळायची किंवा कुटायची नाही.

दोन मिनिटांचं हार्मोन आठवडाभर कसं चालवलं?

आता सेमाग्लुटाइड. औषध घडवणं म्हणजे काय हे दाखवायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

जेवलो की आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. साखर जास्त असेल तेव्हाच ते इन्शुलिन वाढवतं, त्यामुळे त्यातून साखर एकदम खाली जायची भीतीही कमी. १९८०च्या दशकात हे समजलं तेव्हा सगळ्यांना मधुमेहाचं औषध सापडल्यासारखं वाटलं. पण टोचून बघितलं तर दोन मिनिटांत खलास. हे हार्मोन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. रक्तातलं एक एन्झाइम या साखळीची पहिली दोन अमिनो आम्लं तोडून टाकतं आणि उरलेली लहानशी साखळी मूत्रपिंडं बाहेर काढतात.

पहिला मार्ग निसर्गातून आला. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१ सारखाच, पण त्या एन्झाइमला न जुमानणारा पदार्थ सापडला. त्यावरून एक्झेनाटाइड तयार झालं. २००५मध्ये ते बाजारात आलं, पण दिवसातून दोनदा टोचावं लागे.

दुसरा मार्ग रसायनशास्त्रज्ञांनी काढला. माणसाचंच हार्मोन घेतलं आणि एन्झाइम जिथे तोडतं तिथलं एक अमिनो आम्ल बदलून निसर्गात सहसा न सापडणारं बसवलं. एन्झाइमला धरायला जागा मिळेना. मग साखळीच्या मध्यावर मेदाम्लाची एक लांब शेपटी जोडली. रक्तात अल्ब्युमिन नावाचं मोठं प्रथिन भरपूर असतं. ही शेपटी त्याला जाऊन चिकटते. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर मोठ्या माणसाचा हात घट्ट धरलेलं पोर जसं फाटकातून बाहेर ढकललं जात नाही, तसंच हे. मूत्रपिंडाच्या चाळणीतून एकटी साखळी सुटली असती, अल्ब्युमिनसकट ती जात नाही. याच तऱ्हेनं आधी बनवलेल्या लिराग्लुटाइडची शेपटी जरा लहान होती, त्यामुळे ते रोज टोचावं लागायचं. सेमाग्लुटाइडमध्ये शेपटी आणि तिचा जोड बदलला, आणि रक्तातलं औषध निम्मं व्हायला आठवडा लागू लागला. या कामासाठी नोवो नॉर्डिस्कच्या लोटे नुडसेन आणि जीएलपी-१ शोधणाऱ्या जोएल हॅबेनर व स्वेतलाना मोइसोव यांना वैद्यकातलं मानाचं लास्कर पारितोषिक २०२४मध्ये मिळालं.

गोळी का नाही, असं कोणीही विचारेल. आहे ना, सेमाग्लुटाइडची गोळीही आहे. पण अमिनो आम्लांची साखळी पोटात गेली की पोट तिला डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवतं. म्हणून गोळीत साल्काप्रोझेट नावाचं द्रव्य ३०० मिलिग्रॅम घालतात. ते गोळीच्या भोवतालचं आम्ल तेवढ्यापुरतं मारतं आणि औषधाला जठराच्या अस्तरातून शिरकाव करून देतं. एवढा खटाटोप करूनही रक्तात पोचतं ते जेमतेम एक टक्का. इंजेक्शन आठवड्याला एक मिलिग्रॅम, तर गोळी रोज १४, म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम. नियमही कडक: रिकाम्या पोटी, अर्ध्या कपाहून कमी पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. सकाळच्या चहाशी तडजोड न करणाऱ्या मराठी घरात ही गोळी कितपत रुजेल, मला शंका आहे.

माणसांवरच्या चाचण्यांत एवढा वेळ का?

रेणू हातात आला म्हणजे फार तर अर्धी वाट झाली. आधी प्राण्यांवर चाचण्या. मग पहिल्या टप्प्यात वीस ते शंभर निरोगी माणसांवर, अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून, फक्त सुरक्षितता बघायला. दुसऱ्या टप्प्यात काही शे रुग्ण: फायदा दिसतो का, मात्रा किती? तिसऱ्यात हजारो. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना बिनऔषधाची किंवा चालू उपचाराची गोळी. कोणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. एकूण दहा ते पंधरा वर्षं. माणसांपर्यंत पोचलेल्या दहातला साधारण एक रेणू बाजारात येतो.

तिसरा टप्पा चैन वाटत असेल तर टॉर्सेट्रापिब आठवा. चांगलं कोलेस्टेरॉल वाढवणारं हे फायझरचं औषध होतं. रक्ताच्या रिपोर्टात आकडे छान वाढत होते. पंधरा हजार लोकांची चाचणी चालू असताना डिसेंबर २००६मध्ये ती एकदम थांबवली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नसतं, आणि दोन-तीनशे लोकांत असला फरक दिसतही नाही.

सेमाग्लुटाइड यातून पार झालं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी वजन १४.९ टक्के उतरलं. बिनऔषधाच्या गटात २.४. २०२३मध्ये १७,६०४ जणांच्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगानं मृत्यू मिळून वीस टक्के कमी झाले. मळमळ, उलट्या पुष्कळांना झाल्या, म्हणून मात्रा महिन्या-महिन्यानं वाढवतात. औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, हेही चाचण्यांतच दिसलं. लग्नाआधी तीन महिने घेऊन बारीक व्हायचं, असा बेत करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पेटंटचं घड्याळ कधी सुरू झालं हेही बघा. अर्ज केला त्या दिवसापासून वीस वर्षं. सेमाग्लुटाइडचा अर्ज २००६चा, अमेरिकेत मंजुरी डिसेंबर २०१७ची. अकरा वर्षं चाचण्यांतच गेली. किंमत एवढी का, याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे पेटंट असताना मागाल तो भाव मिळतो, आणि तो मागितला जातो.

मग जेनेरिक इतकं स्वस्त कसं? हलकं असतं का?

जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध. ते स्वस्त यासाठी, की वरचा सगळा खर्च पुन्हा करायचा नसतो. रेणू काम करतो हे सिद्ध झालेलं आहे. आपली गोळी तो रेणू रक्तात तितकाच पोचवते एवढं दाखवायचं. त्याला बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात. साधारण दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवकांना आधी एक गोळी, काही दिवसांनी दुसरी देतात आणि दर थोड्या वेळानं रक्त काढून औषधाची पातळी बघतात. अहमदाबाद-बडोद्यात हे काम करणारी केंद्रं आहेत. निकाल ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसावा लागतो. यावरून "जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालतं" अशी अफवा निघाली आहे. ती चुकीची. पट्टा औषधाच्या वजनाचा नाही, आणि नुसती सरासरी त्यात बसून भागत नाही. मोजमापातली अनिश्चितता धरून अख्खा पल्ला त्यात बसावा लागतो. अमेरिकी औषध प्रशासनानं स्वतःकडे आलेल्या दोन हजारांहून अधिक अशा चाचण्या तपासल्या, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही थोडाफार फरक असतोच.

भारतात मात्र एक जुनी गोम आहे. कमी विरघळणाऱ्या औषधांच्या सगळ्या जेनेरिकना ही चाचणी सक्तीची झाली ती एप्रिल २०१७पासून; त्याआधी मंजूर झालेला बराच माल तिच्याशिवाय आलेला आहे. शिवाय केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्ज्यात नापास नमुन्यांची यादी काढते, त्यात नावाजलेले ब्रँडही असतात. त्यामुळे "स्वस्त ते वाईट" आणि "सॉल्ट एक म्हणजे सगळं एक" ही दोन्ही वाक्यं मला अर्धवट वाटतात. थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन, फिटवरचं फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन यांची योग्य मात्रा आणि जास्तीची मात्रा यांत अंतर थोडं असतं. त्यांचा ब्रँड परस्पर बदलू नये. बदलला तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावं. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिनसारख्यांत मी स्वतः जनऔषधी केंद्राची गोळी घेतो.

जेनेरिकची ताकद गुजरातेत का जमली, याला इतिहास आहे. सयाजीरावांच्या काळात, १८९०मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांनी इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली. १९०७मध्ये तेच गज्जर, आपले कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेंबिक ही कंपनी काढली. १९४३मध्ये साराभाई केमिकल्स बडोद्याच्या वाडी-वाडी भागात आली. पण खरी कलाटणी १९७०च्या पेटंट कायद्यानं दिली. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर. म्हणजे त्याच रेणूकडे जायची दुसरी वाट काढा आणि विका. पुढची तीसेक वर्षं आपले रसायनशास्त्रज्ञ तेच करत होते, आणि त्यात तरबेज झाले. २००५पासून रेणूवरही पेटंट मिळू लागलं, पण तोवर हात बसला होता.

त्याची दुसरी बाजू बडोद्याजवळच्या नंदेसरी या कारखानी वसाहतीकडे गेलात की नाकाला कळते. एक किलो औषध बनवताना पंचवीस ते शंभर किलोपर्यंत टाकाऊ माल निघतो, बराचसा सॉल्व्हंट, म्हणजे रसायनं विरघळवायला वापरलेला द्रव. बडोद्याचं कारखानी सांडपाणी खंभातच्या आखाताला नेणारा पन्नासहून अधिक किलोमीटरचा कालवा त्यासाठीच आहे. स्वस्त गोळीचा हा हिस्सा बिलात येत नाही.

झाडपाल्याचं औषध सौम्य नसतं का?

मेटफॉर्मिन झाडपाल्यातूनच आलं. युरोपातल्या गलेगा नावाच्या वनस्पतीत साखर उतरवणारा पदार्थ होता, पण ती खाऊन गुरं मरायची. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याशी नातं सांगणारे वेगळे रेणू बनवले. मेटफॉर्मिन १९२२मध्ये तयार झालं, १९५७मध्ये फ्रान्समध्ये मधुमेहावर वापरात आलं. हृदयाचं डिगॉक्सिन डिजिटॅलिसच्या पानातलं आहे आणि त्याची मात्रा थोडी चुकली तर जीव जाऊ शकतो. रेणू कुठून आला हे शरीर विचारत नाही.

कंपन्या गरिबांवर प्रयोग करतात, त्याचं काय?

हा संशय हवेतला नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेनं २०१२मध्ये याच तक्रारीवर सुप्रीम कोर्टात याचिका केली: रुग्णांना चाचणीत घेतल्याचं नीट सांगितलं जात नाही आणि काही झालं तर भरपाई मिळत नाही. २०१३मध्ये कोर्टानं संमती घेतानाचं ध्वनिचित्रण करायला सांगितलं. २०१९च्या नियमांत चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई घातली आहे. कोणी तुम्हाला चाचणीत घेत असेल तर संमतीपत्र मराठीत, निदान तुम्हाला येणाऱ्या भाषेत मागा, घरी आणून वाचा. मध्येच सोडायचा हक्क कायम असतो.

औषध बाजारात आल्यावरही तपासणी थांबत नाही. लाखांत एखाद्याला होणारा दुष्परिणाम तेव्हाच दिसतो, आणि तो कळवायचा हक्क रुग्णालाही आहे. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे. बडोद्यात तो माहीत असलेले फार्मातले लोक भेटतात, रुग्ण क्वचित.

सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनचं पेन घेणार असाल तर एक सांगतो. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं तर टाकून द्यायचं, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. मूळ कंपनीचं मधुमेहाचं पेन वापरायला काढल्यावर ३० अंशांच्या आत ५६ दिवस चालतं. मे महिन्यात आपल्याकडे अशी जागा घरात फ्रीजशिवाय नसते. दुसऱ्या कंपनीच्या पेनची मुदत वेगळी असू शकते, ती खोक्यातल्या घडी केलेल्या कागदावर बघा. आणि दुकानदार ते फ्रीजमधून काढून देतोय का शेल्फवरून, हे आधी बघा. शेल्फवरून दिलं तर सॉल्ट एक असलं तरी घेऊ नका.